हात बदलणारं वलय

फिनॉल आणि थायोफिनॉल यांच्यात फरक फक्त एका अणूचा. दोन्हींत सहा कार्बनचं बेंझीनचं वलय आहे. फिनॉलच्या एका कोपऱ्यावर ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन असतो, थायोफिनॉलमध्ये त्याच जागी ऑक्सिजनऐवजी गंधक. आवर्तसारणीत गंधक ऑक्सिजनच्या बरोबर खालच्या घरात बसतं आणि दोघांच्या बाहेरच्या कवचात सहाच इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे कागदावर एक अक्षर खोडून दुसरं लिहिलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात मात्र दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फिनॉल हा 41 अंश सेल्सिअसला वितळणारा स्फटिक, तर थायोफिनॉल खोलीच्या तापमानालाच द्रव. थायोफिनॉल फिनॉलपेक्षा दोन हजारांहून अधिक पटींनी तीव्र आम्ल आहे. आणि वास! घरचा गॅस सिलिंडर गळला तर कळावं म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. थायोफिनॉल त्याच कुळातलं. बाटलीचं बूच उघडं राहिलं तर ते सगळ्या मजल्याला सांगावं लागत नाही.

एवढं दुर्गंधी रसायन हवं कशाला? औषधांत, रंगांत, कीडनाशकांत, रबराच्या मिश्रणांत वलयाला जोडलेलं गंधक ठिकठिकाणी लागतं, आणि ते वलयाच्या नेमक्या ठरलेल्या कोपऱ्यावर लागतं. अडचण इथेच आहे. गंधकाम्लाच्या कुळातली रसायनं वापरून वलयावर गंधकाचा गट बसवता येतो आणि मग जस्त व आम्ल यांच्या साहाय्याने त्याचं थायोफिनॉलमध्ये रूपांतरही करता येतं. पण गट कुठे बसायचं ते वलय स्वतः ठरवतं, रसायनशास्त्रज्ञाला विचारत नाही. दुसरी वाट डायॲझोनियम क्षारांची. लॉइकार्ट यांच्या नावाने 1890 पासून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत डायॲझोनियम क्षार झँथेटबरोबर मिसळतात. जागा हवी तीच मिळते, पण मधेच तयार होणारं संयुग स्फोटक असू शकतं, आणि या अभिक्रियेने प्रयोगशाळेत स्फोट घडवलेले आहेत. ज्याने ती काळजीपूर्वक केली त्याला यश येतं. ज्याने घाई केली त्याची गोष्ट इतरांना इशारा म्हणून सांगितली जाते.

याउलट फिनॉल स्वस्त, आणि हव्या त्या कोपऱ्यावर हवे ते गट असलेली फिनॉलं बाजारात सहज मिळतात. तेव्हा प्रश्न सरळ आहे: फिनॉलचा ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवता येईल का?

बाहेरून हल्ला करून, नाही. निदान सहजासहजी नाही. साध्या अल्कोहोलमध्ये कार्बनला जोडलेला गट मागून धक्का देऊन हुसकावता येतो. बेंझीनच्या कार्बनला 'मागची बाजू' नसते, कारण मागे वलय स्वतःच असतं. शिवाय ऑक्सिजनचे मोकळे इलेक्ट्रॉन वलयात मिसळलेले असल्यामुळे तो बंध साध्या एकेरी बंधापेक्षा जास्त पक्का असतो.

1966 साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी या कोड्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. डेलावेअर विद्यापीठातले हॅरोल्ड क्वार्ट यांनी फिनॉलपासून बनवलेलं संयुग वाफेच्या अवस्थेत तापवलं होतं, तर ओहायो स्टेट विद्यापीठातले मेल्विन न्यूमन यांनी फिनॉलपासून थायोफिनॉलपर्यंतची पूर्ण वाट कोणालाही वापरता येईल अशी बांधून दाखवली. हे न्यूमन म्हणजे तेच, ज्यांचं 'न्यूमन प्रोजेक्शन' बीएस्सीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत काढावं लागतं. दोन कार्बनमधल्या बंधाकडे समोरून, अगदी नाकासमोर धरून पाहायची ती रीत. त्यांच्याच प्रयोगशाळेत सहा वलयांच्या जिन्यासारख्या पिळाचा, हेक्झाहेलिसिनचा रेणूही प्रथम बनला. रेणूचा आकार डोळ्यांसमोर आणण्याची ही सवय त्यांना या कामातही उपयोगी पडली असेल, असं मला वाटतं.

युक्ती अशी. बाहेरचं गंधक वलयापर्यंत पोचू शकत नसेल तर ते आधी ऑक्सिजनलाच बांधून ठेवायचं. फिनॉलला डायमिथाइल थायोकार्बामॉइल क्लोराइड नावाचं अभिकर्मक जोडलं की नव्या रेणूत वलय, वलयाला ऑक्सिजन, ऑक्सिजनला एक कार्बन आणि त्या कार्बनला दुहेरी बंधाने लटकलेलं गंधक अशी रांग तयार होते. कार्बनच्या उरलेल्या हाताला नायट्रोजनचा गट असतो. आता फक्त तापवायचं. न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'ऑर्गॅनिक सिंथेसेस' या मालिकेत बीटा-नॅफ्थॉल या दोन जोडलेल्या वलयांच्या फिनॉलसाठी दिलेली कृती सुमारे 270 अंश सेल्सिअसची आहे, आणि वेळ पाऊण तासाच्या आसपास. एवढ्या तापमानाला तेलाचा बाथ धूर सोडतो, म्हणून वितळलेल्या क्षारांचा बाथ वापरतात. बाहेरून काही घालायचं नाही, आतून काही निघत नाही. थंड झाल्यावर वजन केलं तर तितकंच, रेणुसूत्र काढलं तर तेच. पण रांग बदललेली असते. वलयाला आता गंधक, गंधकाला कार्बन, आणि कार्बनवर दुहेरी बंधाने बसलेला ऑक्सिजन. मग कॉस्टिकने हा शेपटासारखा गट कापून टाकला की थायोफिनॉल हातात येतं.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना बहुतेक ठिकाणी एक वाक्य येतं: 'ऑक्सिजन आणि गंधक जागा बदलतात.' माझ्या मते हे वाक्य अभिक्रियेचा सगळा अर्थ बिघडवून टाकतं. ऑक्सिजन आणि गंधक दोघेही मधल्या कार्बनला पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून असतात. त्यांच्यापैकी कोणीही तो सोडत नाही. सरकतं ते वलय. कडेवरचं मूल आईकडून मावशीकडे जातं तेव्हा एक क्षण असा असतो की मावशीने हात घातलेले असतात आणि आईने अजून सोडलेलं नसतं. इथे मूल म्हणजे बेंझीनचं वलय आणि आई-मावशी म्हणजे ऑक्सिजन आणि गंधक. त्या मधल्या अवस्थेत वलयाचा एकच कार्बन एकाच वेळी ऑक्सिजन आणि गंधक दोघांना जोडलेला असतो. रसायनशास्त्रज्ञ त्या कार्बनला इप्सो कार्बन म्हणतात, म्हणजे जिथे गट आधीच बसलेला आहे तीच जागा. इप्सो कार्बन, ऑक्सिजन, मधला कार्बन आणि गंधक मिळून चार बाजूंचा एक लहानसा चौकोन बनतो आणि तो वलयाला एका कोपऱ्यावर काटकोनात टेकलेला असतो.

चौकोन हा रसायनशास्त्रात त्रासाचा आकार. कार्बनच्या बंधांना मोकळा कोन लागतो, इथे त्यांना नव्वद अंशांच्या आसपास दाबावं लागतं. त्यात बेंझीनच्या वलयाला काही क्षण आपलं अरोमॅटिकपण, म्हणजे इलेक्ट्रॉन वलयभर मोकळे फिरण्यातून मिळणारं स्थैर्य, सोडावं लागतं. 270 अंशांची किंमत या दोन गोष्टींसाठी मोजावी लागते. कोणताही गट नसलेल्या साध्या फिनॉलसाठी तर पारा तीनशेच्या जवळ न्यावा लागतो.

एवढा खर्च करून रेणूला मिळतं काय? याचं उत्तर दुहेरी बंधांच्या हिशोबात आहे. कार्बन आणि ऑक्सिजन आवर्तसारणीच्या एकाच ओळीत आहेत, त्यांच्या इलेक्ट्रॉन-कक्षकांचा आकार जुळतो आणि दुहेरी बंध घट्ट बसतो. गंधक एक ओळ खाली. त्याचे कक्षक मोठे आणि पसरट, कार्बनच्या लहान कक्षकांशी शेजारून जुळताना ते अर्धवटच भिडतात. म्हणून कार्बन-गंधक दुहेरी बंध नेहमी थोडा नाखूश असतो. पुनर्रचनेत वलयाला गंधकाशी जोडून घेताना थोडं नुकसान होतं, पण गंधकाचा दुहेरी बंध जाऊन ऑक्सिजनचा दुहेरी बंध येतो त्यात त्याहून जास्त फायदा होतो. वजाबाकी करून हाती येणारा नफा मोलमागे सुमारे 13 किलोकॅलरी इतका सांगितला जातो. एवढ्या उतारावर वलय एकदा गंधकाकडे गेलं की परत येत नाही.

या अभिक्रियेला न्यूमन-क्वार्ट पुनर्रचना म्हणतात, पण त्या नावामागे आणखी एक नाव दडलं आहे. अलेक्झांडर शोनबर्ग यांनी 1930 मध्ये बर्लिनमध्ये याच जातीची अभिक्रिया नोंदवली होती. त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या गटाऐवजी दुसरं वलय होतं, पण हालचाल तीच: ऑक्सिजनवरचं वलय गंधकावर. शोनबर्ग ज्यू होते. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांची नोकरी गेली, ते एडिंबराला गेले आणि तिथून कैरोला. तिथल्या विद्यापीठात त्यांनी प्राध्यापक म्हणून पुढची बरीच वर्षं काढली, आणि युद्धानंतर कालांतराने पुन्हा बर्लिनला परतले. आज पुस्तकांत शोनबर्ग पुनर्रचना स्वतंत्र नावाने येते, पण न्यूमन-क्वार्टची सावली म्हणून. थोडा अन्यायच आहे.

आता खरी गंमत. वलय ऑक्सिजनवरून गंधकावर जातं हे आपण पाहिलं. पण शोनबर्ग बर्लिनमध्ये काम करत होते त्याच सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेजात सॅम्युएल स्माइल्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ बरोबर उलट हालचाल पाहत होते: वलय गंधकावरून ऑक्सिजनवर. हे स्माइल्स म्हणजे 1859 च्या 'सेल्फ हेल्प' या जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकाच्या लेखकाचे नातू, नावही आजोबांचंच.

स्माइल्स यांच्या रेणूत दोन वलयं एका सल्फोन गटाने, म्हणजे दोन ऑक्सिजन असलेल्या गंधकाने जोडलेली होती. एका वलयावर गंधकाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्यावर नायट्रो गट. हा रेणू कॉस्टिकच्या द्रावणात कोमट केला की हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन जातो आणि उघडा, ऋणभारित ऑक्सिजन उरतो. तो वळून दुसऱ्या वलयाच्या इप्सो कार्बनला धरतो, त्याच वेळी गंधकाची पकड सुटते, आणि नायट्रो गटवालं वलय ऑक्सिजनवर येऊन बसतं. मोकळं झालेलं गंधक सल्फिनेट म्हणून पाण्यात विरघळतं. 1931 मध्ये स्माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याआधी ऑस्कर हिन्सबर्ग यांच्यासारख्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या हाती नॅफ्थॉलच्या गंधकयुक्त संयुगांत असेच चमत्कारिक समघटक (सूत्र तेच, रचना वेगळी) लागले होते, पण त्यांनी त्यांची रचना वेगळी समजली होती. स्माइल्स यांचं श्रेय एवढंच नाही की त्यांना अभिक्रिया सापडली. वलय सरकू शकतं हे त्यांनी ओळखलं, आणि जुनी कोडी मागे वळून सोडवली.

मग दिशा कोण ठरवतं? एकीकडे वलय गंधक सोडून ऑक्सिजनकडे धावतं, दुसरीकडे ऑक्सिजन सोडून गंधकाकडे. 'वलयाला ऑक्सिजन जास्त आवडतो' किंवा 'गंधक जास्त आवडतं' असा नियम शोधू पाहणारा इथे फसतो. वलयाची आवड हा हिशोबातला एकच आकडा आहे. स्माइल्सच्या रेणूत वलयाला ऑक्सिजनशी पक्का बंध मिळतो आणि वर सुटलेलं गंधक स्थिर ऋणायन होऊन जातं, म्हणजे दोन्हीकडून फायदा. न्यूमन-क्वार्टमध्ये वलयाचा स्वतःचा बंध थोडा कमजोरच होतो, पण बाजूच्या दुहेरी बंधाची भरपाई मोठी आहे. रेणू एखाद्या बंधाकडे पाहून निर्णय घेत नाही. सगळे जुने बंध आणि सगळे नवे बंध यांची बेरीज बघितली जाते.

दोघांच्या तापमानातला फरकही आता उलगडतो. स्माइल्सच्या रेणूत मधल्या अवस्थेत चौकोन नसून पंचकोन बनतो: इप्सो कार्बन, गंधक, दुसऱ्या वलयाचे दोन कार्बन आणि ऑक्सिजन. पंचकोनात ताण नगण्य. शिवाय हल्ला करणारा ऑक्सिजन ऋणभारित, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ. म्हणून एकीकडे कोमट अल्कली पुरते आणि दुसरीकडे वितळलेल्या क्षारांचा बाथ लागतो. नायट्रो गटाची मदत मात्र दोन्हीकडे सारखी. तो वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे इप्सो कार्बन भुकेला होतो आणि मधल्या अवस्थेत वलयावर आलेला जादा भार तो सांभाळूनही घेतो. न्यूमन-क्वार्ट अभिक्रिया नायट्रो गट योग्य जागी असेल तर दोनशे अंशांच्याही खाली होते. मिथॉक्सीसारखा इलेक्ट्रॉन देणारा गट समोर असेल तर ती अडून बसते, आणि पारा तीनशेच्या घरात नेऊनही मनासारखं उत्पादन मिळेलच असं नाही.

स्माइल्सच्या गटाला 1930 च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसली होती. हायड्रॉक्सिल असलेल्या वलयावर, गंधकाच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारी, एक साधा मिथाइल गट बसवला की पुनर्रचना भलतीच जलद होते. मिथाइल गट हा इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत सौम्य प्राणी. तो असा काय चमत्कार करणार? जोसेफ बनेट आणि त्यांचे सहकारी ओकामोतो यांनी 1956 मध्ये वेग मोजला तेव्हा फरक काही टक्क्यांचा नव्हता, लाखांच्या पटीत होता. आणि कारण इलेक्ट्रॉनांचं नव्हतं, जागेचं होतं. मिथाइल गट नसताना सरकणारं वलय गंधकाभोवती मोकळं फिरत असतं, आणि बहुतेक वेळ ते ऑक्सिजनपासून दूर, हल्ल्याला गैरसोयीच्या कोनात असतं. मिथाइल गट आला की त्या बाजूची जागा अडते. नाइलाजाने वलयाला अशा कोनात उभं राहावं लागतं की ऑक्सिजनच्या समोर इप्सो कार्बन येतो. या क्षेत्रातलं मला सगळ्यात आवडणारं काम हे आहे. गर्दी करून अडवायला बसवलेला गट वाट मोकळी करून देतो, हे कागदावर सपाट रेणू काढणाऱ्याला कधीच सुचलं नसतं.

ही सगळी हालचाल एकाच रेणूच्या आत होते असं आपण गृहीत धरत आलो. ते सिद्ध कसं करायचं? दोन तऱ्हा आहेत. एक, वेग मोजायचा. न्यूमन-क्वार्ट अभिक्रिया प्रथम कोटीची निघते, म्हणजे एका रेणूला दुसऱ्याच्या भेटीची गरज नाही. दुसरी तऱ्हा जास्त थेट. दोन प्रकारचे रेणू घ्यायचे, त्यांच्या वलयांवर वेगळी खूण आणि शेपटावरही वेगळी खूण. एकत्र तापवायचे. एकाचं वलय दुसऱ्याच्या शेपटाला लागलेलं कुठे सापडलं, तर वलय मधे मोकळं भटकलं होतं. नाही सापडलं, तर प्रत्येकाने आपलं वलय आपल्याच घरात फिरवलं.

ही परीक्षा प्रत्येक 'पुनर्रचना' पास होत नाही. गंधकाचीच दोन जुनी उदाहरणं आपल्या कारखान्यांच्या ओळखीची आहेत. नॅफ्थलीनवर गंधकाम्लाची क्रिया 80 अंशांच्या आसपास केली तर सल्फोनिक गट पहिल्या जागेवर बसतो. तोच माल 160 अंशांपर्यंत तापवला की गट दुसऱ्या जागेवर दिसतो. दिसायला ही सरळ उडी, पण गट खरं तर वलय सोडून जातो आणि पुन्हा नव्या जागी येऊन बसतो, कारण सल्फोनेशन उलटं फिरणारी अभिक्रिया आहे. पहिली जागा लवकर मिळते, दुसरी जास्त टिकते. ॲनिलीनचं गंधकाम्लाबरोबरचं मीठ 180 ते 190 अंशांना भाजून सल्फॅनिलिक आम्ल बनवण्याची रंग उद्योगातली रीतही अशीच. गट शेवटी अमिनोच्या समोर जाऊन बसतो.

नॅफ्थलीनच्या दुसऱ्या जागेवरचं ते सल्फोनिक आम्ल कॉस्टिकबरोबर वितळवलं की मिळतं बीटा-नॅफ्थॉल, सुती कापडावरच्या लाल-केशरी रंगांचा जुना आधार. मुंबई आणि तिच्या आसपासचा रंग-मध्यस्थांचा उद्योग ज्या रेणूंवर उभा राहिला त्यांच्यात हे कुटुंब मोठं. न्यूमन यांची नमुना-कृती याच बीटा-नॅफ्थॉलपासून सुरू होते हे ध्यानात घेतलं की हसू येतं. पारंपरिक पद्धतीत या वलयावर आधी गंधक बसवलं जातं, मग ते हुसकावून ऑक्सिजन आणला जातो, आणि आता पुनर्रचनेने ऑक्सिजन हटवून पुन्हा गंधक!

पुनर्रचनांच्या नावांत आपल्याकडचंही एक नाव आहे, त्या पुनर्रचनेचा गंधकाशी संबंध नसला तरी. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी 1930 च्या दशकात लाहोरमध्ये केलेल्या कामामुळे बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ओळखली जाते. तिच्यात ॲसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर जातो आणि फुलांच्या पिवळ्या रंगद्रव्यांची वाट उघडते. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, त्याचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभर वापरला गेला.

स्माइल्स पुनर्रचनेचा सगळ्यात मोठा व्यावहारिक उपयोग रंगांतून औषधांत येणाऱ्या एका तीन-वलयी सांगाड्यात झाला. 1883 मध्ये ऑगस्ट बेर्न्थसेन यांनी मिथिलीन ब्लू या रंगाची रचना शोधताना फिनोथायाझिन बनवलं: दोन बेंझीन वलयं, मधे गंधक आणि नायट्रोजन असलेलं तिसरं. 1950 च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी याच सांगाड्यावर क्लोरप्रोमाझिन बनवलं, आणि 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात दले आणि देनिकेर यांनी ते मानसिक रुग्णांना देऊन मानसोपचाराचा चेहराच बदलला. असे सांगाडे बनवायची सरळ रीत म्हणजे दोन वलयांचं अमीन गंधकाबरोबर तापवणं. पण वलयावर क्लोरिन असेल तर गंधक दोन्ही बाजूंना बसू शकतं आणि मिश्रण मिळतं. औषधाच्या कारखान्यात नको असलेला समघटक म्हणजे वाया गेलेला माल आणि तो वेगळा काढायचा खर्च.

स्माइल्सची वाट इथे कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. दोन वलयं गंधकाने जोडायची. एकावर अमिनो गट, दुसऱ्यावर नायट्रो गट, दोन्ही गंधकाच्या शेजारच्या कार्बनवर. अमिनोवर फॉर्मिलसारखा गट चढवून अल्कली दिली की नायट्रोजन दुसऱ्या वलयाचा इप्सो कार्बन धरतो आणि वलय गंधकावरून नायट्रोजनवर येतं. गंधक आता मोकळं आणि ऋणभारित. ते स्वस्थ बसत नाही. समोर आलेल्या वलयावरच्या नायट्रो गटाच्या कार्बनवर हल्ला करतं, नायट्रो गट नायट्राइट होऊन बाहेर पडतो, आणि तिसरं वलय मिटतं. एकाच भांड्यात एक पुनर्रचना आणि एक हकालपट्टी. पण यात एक खोच आहे. वलय सरकल्यामुळे त्याच्यावरचे इतर गट अंतिम रेणूत वेगळ्या जागी येतात. पुनर्रचना न होता वलय मिटलं असतं तर जागा निराळ्या असत्या. म्हणून या मार्गाने काही बनवणाऱ्याला 'वलय हललं का?' हा प्रश्न प्रत्येक वेळी तपासून घ्यावाच लागतो.

फ्रान्समध्येच स्माइल्सची चाल आणखी एका रूपात आली. मार्क ज्युलिया आणि सिल्वेस्त्र ज्युलिया हे दोघे भाऊ, 'ज्युलिया सेट'वाले गणिती गॅस्टन ज्युलिया यांचे मुलगे. मार्क यांनी 1973 मध्ये सल्फोनांपासून कार्बन-कार्बन दुहेरी बंध बनवायची रीत दिली, पण तिला अनेक टप्पे लागत. 1991 मध्ये सिल्वेस्त्र यांच्या गटाने सल्फोनवर बेंझोथायाझोलचं, म्हणजे गंधक आणि नायट्रोजन असलेलं भुकेलं वलय बसवलं. आल्डिहाइडशी जोड झाल्यावर मोकळा झालेला ऑक्सिजन त्या वलयाला धरतो, वलय गंधकावरून ऑक्सिजनवर सरकतं, लगोलग सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दुहेरी बंध तयार. पुढे फिलिप कोसिएन्स्की यांनी वेगळं वलय वापरून ही रीत आणखी धारदार केली, आणि आज नैसर्गिक संयुगांच्या लांब साखळ्या जोडताना ती सर्रास वापरली जाते. अंतिम मालात गंधकाचा मागमूसही नसतो. सरकणारं वलयही ऑक्सिजन घेऊन निघून जातं.

न्यूमन-क्वार्टचं 270 अंशांचं दुखणं मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं. पन्नास मिलिलीटरच्या फ्लास्कमध्ये ते सोसतं. कारखान्यातल्या भांड्याला एवढ्या तापमानाला सेंद्रिय वितळ सांभाळणं म्हणजे डोकेदुखी, आणि नाजूक गट त्यात जळून जातात. मायक्रोवेव्हने वेळ कमी झाला, तापमान नाही. 2009 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या गाय लॉइड-जोन्स यांच्या गटाने पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरून तीच हालचाल 100 अंशांवर आणली. पॅलेडियम आधी वलय आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये शिरतो, मग वलय गंधकाच्या हाती देतो. चौकोनाच्या अवघड घाटातून जावंच लागत नाही.

2015 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिल इथल्या डेव्हिड निसविट्झ यांच्या गटाने उष्णता जवळजवळ काढूनच टाकली. त्यांनी पायरिलियम नावाचा रंगीत सेंद्रिय क्षार थोडासा घातला आणि खोलीच्या तापमानाला निळा प्रकाश दिला. प्रकाशाने उत्तेजित झालेला क्षार रेणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, रेणू धनभारित मूलक बनतो, आणि इलेक्ट्रॉन गेल्यामुळे आता वलयच भुकेलं होतं. गंधक ते सहज धरतं. काम झालं की क्षार इलेक्ट्रॉन परत करतो. पण यात जुन्या नियमाची उलटापालट झाली. इलेक्ट्रॉन काढून घेणं सोपं जातं ते इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या वलयातून. त्यामुळे नायट्रो गटवाली वलयं, जी उष्णतेची लाडकी होती, इथे हात आखडतात. आणि मिथॉक्सी गटवाली, ज्यांच्यासाठी पारा तीनशेपर्यंत चढवूनही खात्री नव्हती, ती निळ्या दिव्याखाली खोलीच्या तापमानालाच वलय गंधकाच्या स्वाधीन करतात.